रिओचा एक दिवस, बारा ठिकाणं आणि सासूबाईंचे गुडघे

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ऑगस्टमध्ये नवऱ्याला कंपनीच्या कामासाठी ब्राझीलमधल्या साओ पाउलोला जायचंय. त्यांच्यासोबत पत्र लिहिणाऱ्या ताई, त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा आणि एकोणसत्तर वर्षांच्या सासूबाई निघाल्यात. काम संपल्यावर रिओ द जानेरोत दोन रात्री, हॉटेल कोपाकबाना या किनाऱ्यालगतच्या भागात. गुरुवारी दुपारी पोचणार, शनिवारी दुपारी परत. म्हणजे पूर्ण मोकळा असा एकटा शुक्रवार. एका एजंटानं खाजगी गाडी, इंग्रजी बोलणारा गाइड, आठ तास आणि बारा ठिकाणं असं पॅकेज दिलंय: क्रिस्तोचा म्हणजे येशू ख्रिस्ताचा पुतळा, शुगरलोफ डोंगर, माराकाना फुटबॉल स्टेडियम, सेलारोनच्या पायऱ्या, कॅथीड्रल, लापाच्या कमानी, सांबाड्रोम, टेकडीवरची सांता तेरेझा वस्ती, कोपाकबाना आणि इपानेमाचे किनारे, लागोआ तळं आणि बोटॅनिकल गार्डन. नवऱ्याचं म्हणणं, "उबर करून फिरू, गाइडला कशाला पैसे?" ताईंचं म्हणणं, पुन्हा एवढ्या लांब जाणं होणार नाही, तेव्हा काही सुटायला नको. शिवाय शहर धोक्याचं म्हणतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पक्क्या शाकाहारी. पैसे भरावेत का?

उत्तर:

तुम्ही विचारताय गाइडबद्दल, पण पत्र वाचताना वाटतं की तुम्हाला मोह पडलाय तो यादीचा. म्हणून आधी यादीचाच हिशेब मांडू.

आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. क्रिस्तोचा पुतळा ज्या डोंगरावर आहे त्या कोर्कोव्हादोला हॉटेलातून निघून, वर जाऊन, पुन्हा खाली रस्त्याला लागेपर्यंत अडीच-तीन तास जातात. शुगरलोफला दोन-अडीच. जेवायला एक तास धरा. आता उरतात दीड ते अडीच तास, आणि ठिकाणं उरलीत दहा. एकेकाला दहा-पंधरा मिनिटं, तीही गाडीतल्या वेळासकट. म्हणजे यादीतली निम्मी ठिकाणं तुम्ही काचेतून बघणार आणि गाइड बोट दाखवून नावं सांगणार. यात एजंट फसवतोय असं नाही. बारा ठिकाणं 'दाखवतो' म्हणालाय, दाखवेलच.

त्यातली काही नावं तर नुसती भरतीची आहेत. कोपाकबानाला तुम्ही राहताच आहात! हॉटेलातून चपला घालून चालत गेलात की काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांचा तो पदपथ समोर. इपानेमा शेजारीच. सांबाड्रोम म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी वास्तुकार ऑस्कर निमायरनं आखलेला, १९८४ साली बांधलेला रस्ता आणि दोन्ही बाजूंना प्रेक्षकांचे कट्टे. ऑगस्टमध्ये तिथं रिकामं काँक्रीट असतं. सांता तेरेझा छान आहे, पण चढउताराचं आणि खडबडीत फरसबंदीचं, गुडघ्यांना त्रास देणारं. एवढी खोडलीत तरी दिवस बराच मोकळा होतो.

आता मुख्य गोष्ट, जी एजंटाच्या कागदावर सहसा नसते: ढग.

कोर्कोव्हादोची उंची सुमारे ७१० मीटर, आणि तो समुद्रापासून अगदी जवळ. दमट वारा डोंगराला अडून वर चढतो, गार होतो आणि नेमका माथ्यावर ढग धरतो. खाली किनाऱ्यावर लख्ख ऊन आणि वर पुतळ्याचे पायसुद्धा दिसत नाहीत, असं रिओत नेहमी होतं. पुतळा ३० मीटरचा, खालचा चौथरा ८ मीटरचा, आणि तुम्ही त्याच्या पायाशी उभं राहून पांढऱ्या भिंतीकडे बघताय. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, दिवसही परत मिळत नाही. ऑगस्ट हा त्यातल्या त्यात कोरडा महिना, पण दक्षिणेकडून थंड हवेची लाट आली की दोन-तीन दिवस आभाळ भरून राहतं.

म्हणून खाजगी टूरला पैसे मोजायचं खरं कारण एकच: क्रम बदलता येणं. सकाळी आठला माथा झाकलेला असेल तर आधी शहराचा जुना भाग बघायचा आणि ढग उठला की डोंगराकडे निघायचं. बसच्या टूरला हे जमत नाही. खाजगी गाडीला जमतं, पण तिकिटं आधीच ठरावीक वेळेची काढून ठेवली नसतील तरच. पुष्कळ पॅकेजांत ती काढलेली असतात, आणि मग खाजगी गाडी ही नुसती महागडी टॅक्सी उरते. तेव्हा एजंटाला पहिला प्रश्न हा विचारा: कोर्कोव्हादोचं तिकीट कधी काढणार? "आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी, आभाळ बघून" असं उत्तर आलं तर पुढे बोला. ऑगस्टचा शुक्रवार हा तसा गर्दीचा दिवस नाही, त्यामुळे हे शक्य आहे. कार्निव्हल किंवा नाताळात जाणाऱ्यांना मात्र तिकीट आधीच काढावं लागेल आणि ढगाचा जुगार खेळावा लागेल.

खाजगी म्हणजे रांग नाही, हाही एक गैरसमज. खाजगी गाडी पुतळ्यापर्यंत जातच नाही. डोंगर तिजुका राष्ट्रीय उद्यानात येतो. बाहेरची गाडी डोंगराच्या वाटेवरच्या पाइनेरास इथल्या पर्यटक केंद्रापर्यंत, तिथून पुढे उद्यानाची अधिकृत व्हॅन, सगळ्यांना सारखीच. दुसरा मार्ग पायथ्याच्या कोस्मे व्हेल्यो भागातून निघणाऱ्या दातेरी रुळांच्या आगगाडीचा. ही गाडी १८८४ साली, पुतळ्याच्या कितीतरी आधी, सम्राट दुसरे पेद्रू यांच्या हस्ते सुरू झाली. पुतळा उभा राहिला १९३१ साली, आणि त्याचं बांधकामाचं सामान याच गाडीनं वर गेलं. वीसेक मिनिटांचा चढ आहे, जंगलातून. चढताना उजव्या बाजूला बसा, झाडी उघडते ती त्या अंगाला. सासूबाईंना रस्त्याकडेला फणसाची झाडं दाखवा. पोर्तुगीजांनी आपल्याकडून नेलेला फणस तिथं इतका माजलाय की जंगल खात्याला तो आवरावा लागतो. त्याला तिथं 'जाका' म्हणतात, मल्याळम 'चक्का'वरून.

माथ्याच्या स्थानकापासून पुतळ्यापर्यंत दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत, पण लिफ्ट आणि त्यापुढे सरकते जिने आहेत. ते त्या दिवशी चालू आहेत का हे तिकीट घेण्याआधी विचारायचं. बंद असतील तर सासूबाईंना वर नेण्याचा हट्ट नको. आणखी एक: ब्राझीलमध्ये साठीच्या पुढच्यांना वेगळ्या रांगेचा कायद्यानं हक्क आहे. 'प्रेफेरेन्सियाल' असा फलक दिसेल तिथं त्यांचा पासपोर्ट दाखवा.

दिवसाचा क्रम आभाळ स्वच्छ असेल तर असा ठेवा: सकाळी कोर्कोव्हादो, संध्याकाळी शुगरलोफ. पुतळ्याचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचं ऊन थेट चेहऱ्यावर पडतं. दुपारनंतर सूर्य पाठीमागे जातो आणि फोटोत काळी आकृती तेवढी येते. (सकाळी तिथून शुगरलोफकडचा देखावा मात्र उन्हाविरुद्ध दिसतो, दोन्ही एकदम साधत नाही.) पुतळ्याला साधा रंग नाही, शंखजिऱ्याच्या छोट्या त्रिकोणी फरशा चिकटवलेल्या आहेत. जवळ गेल्यावर त्यांच्या रंगातला फिका-गडद फरक दिसतो. पोर्तुगीजमध्ये शंखजिरं म्हणजे 'पेद्रा साबांव', साबणदगड. त्यातला 'साबांव' म्हणजे आपला साबण. तसाच शुगरलोफ म्हणजे 'पांव जी असूकार'. त्यातला 'पांव' म्हणजे वडापावातला पाव. मुलाला हे शब्द शोधायला लावा. बटाटा, चावी, काजू, बादली, सगळे सापडतील.

शुगरलोफला रोपवे दोन टप्प्यांत जातो: आधी सुमारे २२० मीटरवरच्या मोहू दा उर्कावर, मग ३९६ मीटरच्या माथ्यावर. पहिला टप्पा १९१२ सालचा. गुडघ्यांच्या दृष्टीनं ही जागा कोर्कोव्हादोपेक्षा पुष्कळ सोपी. उर्काच्या टेकडीवर सपाट मोकळी जागा आणि बाकं आहेत, सासूबाई तिथंच बसल्या तरी खाडी पूर्ण दिसते. ऑगस्टमध्ये सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो, कोर्कोव्हादोच्या बाजूच्या डोंगरांमागे. म्हणून खालच्या स्थानकावर साडेतीनपर्यंत पोचा. सूर्यास्त बघायला सगळं शहर चढतं, पाचला गेलात तर तो रांगेतच बघाल. वर वारा असतो, एकेक पातळ स्वेटर ठेवा. आणि छोटी माकडं हात पुढे करतील, त्यांना बिस्किटं देऊ नका.

आणि एक, तुमच्या हातात गुरुवारची संध्याकाळही आहे. साओ पाउलोहून सांतोस दुमोंत विमानतळावर उतरणारं विमान घेतलंत तर तो शहराच्या अगदी कुशीत आहे. दुपारी लवकर उतरून आभाळ मोकळं दिसलं, तर सामान हॉटेलात टाकून त्याच संध्याकाळी शुगरलोफ उरका. शुक्रवारचा निम्मा ताण तिथंच जाईल.

आता तुमच्या यजमानांबद्दल. ते बरोबर आहेत, पण नेमके चुकीच्या ठिकाणी. दोन्ही डोंगरांना गाइड लागत नाही. तिथं जे आहे ते डोळ्यांना दिसतं. उबर रिओत सहज मिळते, आणि कोर्कोव्हादोची अधिकृत व्हॅन तर कोपाकबानातल्या लीदो चौकातूनच सुटते. गाइड लागतो तो जिथं दिसायला काही नाही तिथं. बंदर भागात वालोंगोचा धक्का म्हणून जागा आहे. रस्त्याच्या पातळीखाली एक उघडा खड्डा आणि त्यात ओबडधोबड दगड, एवढंच. गुगल घेऊन गेलात तर तीन मिनिटांत परत फिराल. १८११ साली बांधलेल्या या धक्क्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं उतरवली गेली, युनेस्कोच्या अंदाजानं नऊ लाख. १८४३ साली सम्राट दुसऱ्या पेद्रूंची वधू येणार म्हणून त्यावर नवा, देखणा धक्का चढवून जुना झाकून टाकला. तो पुन्हा हाती लागला २०११ साली, बंदराच्या नूतनीकरणात, आणि २०१७ साली जागतिक वारसा झाला. त्या दगडांत खाली मोठे गोटे, वर नीट घडवलेले चिरे असे दोन थर दिसतात. कुठला थर कोणासाठी, हे दाखवणारा माणूस शेजारी हवा. अकरा वर्षांच्या मुलाला हे सांगावं का, असं मनात आलं तर जरूर सांगावं.

तुमच्या यादीत वालोंगो नाही, हीच त्या यादीची खरी उणीव. तसाच प्रासा किंझी चौकातला जुना राजवाडा. १८०७ च्या अखेरीस नेपोलियनच्या फौजा लिस्बनवर आल्या तेव्हा पोर्तुगालचा दरबार उठून निघाला, १८०८ साली रिओत आला आणि राजा १८२१ साली परत गेला. मधली तेरा वर्षं पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी रिओ होती, म्हणजे गोव्याचीसुद्धा. तुम्हाला गाइड चांगला मिळाला तर या चौकात अर्धा तास कसा गेला कळणार नाही. बोटॅनिकल गार्डनही त्याच १८०८ सालचं, पूर्वेकडच्या मसाल्यांची झाडं तिथं रुजतात का हे बघायला काढलेलं. आभाळ दिवसभर भरलेलंच राहिलं तर डोंगर सोडून हे सगळं निवांत बघा.

सेलारोनच्या पायऱ्या २१५ आहेत. चिलीहून आलेल्या होर्खे सेलारोन या चित्रकारानं १९९० पासून आपल्या घरापुढच्या जिन्याला फरशा लावायला घेतल्या आणि २०१३ साली मरेपर्यंत तो बदलत राहिला. चढायची गरज नाही. फोटोतला प्रसिद्ध भाग तळाशीच आहे. लापाच्या कमानी आणि शंकूच्या आकाराचं कॅथीड्रल तिथून जवळच. शुक्रवार असल्यानं शहराचा हा भाग जागा असेल. हेच रविवारी असतं तर वेगळं सांगितलं असतं. रविवारी मध्य रिओ ओस पडतं, दुकानं बंद, आणि अशा रिकाम्या रस्त्यांवरच सावध राहावं लागतं.

माराकानाचं मात्र एजंटाच्या हातून वाटोळं होईल. बाहेर गाडी थांबवून चषक उंचावलेल्या बेलिनीच्या, ब्राझीलच्या १९५८ च्या विश्वविजेत्या संघाच्या कप्तानाच्या, पुतळ्यापाशी फोटो, झालं. मुलाला आत जायचं असणार. १९५० सालच्या विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात ब्राझील उरुग्वेकडून २-१ असा हरला ते मैदान, खेळाडूंच्या खोल्या, गवताची कड. हे शनिवारी सकाळी बापलेकांनी मेट्रोनं करावं, एकदा गाडी बदलून माराकाना स्थानक. यजमानांचा 'आपलं आपण' हा बाणा तिथं उपयोगी पडेल. सामन्याच्या दिवशी आतली फेरी बंद असते किंवा वेळा बदलतात, तेवढं आधी बघा.

तर माझं मत: गाइड घ्या, यादी घेऊ नका. एजंटाला कळवा की आम्हाला कोर्कोव्हादो, जुनं शहर आणि वालोंगो, जेवण, शुगरलोफ एवढंच हवं, क्रम सकाळी आभाळ बघून ठरेल. मग पुढचं विचारा. गाइड आणि ड्रायव्हर वेगळे की एकच? हा प्रश्न लहान वाटतो, पण दिवस यावर ठरतो. एकच माणूस असेल तर सेलारोनला किंवा वालोंगोला तो गाडी सोडून येऊ शकत नाही, तुम्हाला उतरवून फेऱ्या मारत बसतो. तुम्ही चौघं, अधिक दोघं, म्हणजे सहा जण. एजंटानं साधी कार लिहिली असेल तर उत्तर तिथंच मिळालं. ब्राझीलमध्ये गाइडला पर्यटन मंत्रालयाच्या 'कादास्तुर' नोंदवहीत नाव असावं लागतं आणि गळ्यात ओळखपत्र असतं. नोंदणी ऑनलाइन तपासता येते, नंबर मागून घ्या. दर माणशी की गाडीचा, रोपवेची आणि पुतळ्याची तिकिटं त्यात धरलीत का, आठ तासांवर गेलं तर तासाचे किती, हे लेखी घ्या. पैशाचा मेळ बसत नसेल तर दुसरा पर्याय: जुन्या शहरासाठी तीन-चार तासांचा गाइड, आणि दोन्ही डोंगर उबरनं. तोही वाईट नाही. फक्त ढग बघून धावपळ करण्याचं काम मग तुमच्या अंगावर येतं, आणि सासूबाईंना घेऊन ते जड जाईल.

धोक्याबद्दल. गाइड असला म्हणजे आपण सुरक्षित, असं नाही. रिओत प्रवाशाला सगळ्यात जास्त भीती हिसकावण्याची. फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं नाही. नकाशा बघायचा तर दुकानात शिरून. गाडीत खिडकीची काच वर. आणि सोन्याचं मंगळसूत्र, पाटल्या साओ पाउलोलाही नेऊ नका, घरीच ठेवा. नुसत्या काळ्या मण्यांची खोटी पोत घाला. सासूबाई ऐकायच्या नाहीत, तरी निघण्याआधीच हे बोलून घ्या, हॉटेलच्या दारात नको.

जेवणाचं सोपं आहे, जर शब्द माहीत असतील. 'पोर कीलो' अशी पाटी असलेल्या ठिकाणी आपण वाढून घ्यायचं आणि ताट वजनावर. भात, कोशिंबिरी, तळलेली केळी, तळलेला कसावा हमखास मिळतो. काळ्या घेवड्याच्या उसळीत मात्र बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, नुसत्या 'शाकाहारी' म्हणण्यानं ते जात नाहीत. पुष्कळांच्या लेखी 'मांस नको' म्हणजे गोमांस नको, कोंबडी चालेल. म्हणून सगळं मोजून सांगायचं: सें कार्नी, सें फ्रांगो, सें पेइशी, सें प्रेझुंतो. मांस, कोंबडी, मासे, हॅम, काही नको. चीजचे छोटे गोळे, 'पांव जी केजो', सगळीकडे मिळतात, पण त्यात बहुधा अंडं असतं. ऑगस्ट म्हणजे आपला श्रावण. सासूबाईंचा उपास निघालाच तर 'तापिओका' घ्या, कसाव्याच्या सत्त्वाचं घावन, ओलं खोबरं घालून. साबुदाणा होतो तोही याच कंदाचा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण यावाचून बाकी सगळं फुकट जाईल, ती गोष्ट: पिवळ्या तापाची लस. ब्राझीलहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं आणि लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते लागू होतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, तिथं नंबर आधी लावावा लागतो. साठीच्या पुढे पहिल्यांदा ही लस घेताना जोखीम थोडी वाढते. सासूबाईंच्या डॉक्टरांना त्यांच्या सगळ्या औषधांच्या यादीसह आत्ताच विचारा, निघायच्या आठवड्यात नाही. त्यांनी लस नको म्हटलं तर लसीच्या प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेतच सूट लिहून घ्यायची सोय असते, पण ती मान्य होईल का आणि परतताना काय होईल हे त्या केंद्रावर स्पष्ट विचारून मगच सासूबाईंचं तिकीट काढा. पुस्तिका पासपोर्टलाच लावून ठेवा, सामानात टाकू नका. मुंबईत उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलावर ती दाखवावी लागते.